दवाखाना सरकारचा, घर बाजाराचे!

सरकारी रुग्णालये खासगी मालकांच्या घशात घालायला निघालेल्या मंडळींच्या हाती अलीकडे एक कोलीत सापडले आहे. त्या कोलिताचे नाव कॅनडा. आरोग्यसेवा ही सरकारची जबाबदारी आहे, गरिबाला खिसा न चाचपता उपचार मिळाले पाहिजेत, असे कुणी म्हटले की लगेच उत्तर येते, आधी कॅनडात काय झाले ते बघा! तिथे प्रत्येकाला सरकारी आरोग्यविमा आहे आणि तरी लोक शस्त्रक्रियेसाठी महिनोन्महिने ताटकळत बसले आहेत. म्हणजे हे सरकारचे कामच नव्हे. बाजारावर सोपवा आणि मोकळे व्हा.

या युक्तिवादाला उत्तर देताना आम्ही रांग नाकारणार नाही. रांग खरी आहे. फ्रेझर इन्स्टिट्यूट या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीनुसार फॅमिली डॉक्टरने चिठ्ठी दिल्यापासून तज्ज्ञाचे उपचार प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत सर्वसाधारण रुग्णाचे ३० आठवडे जात होते. १९९३ मध्ये हाच काळ ९.३ आठवड्यांचा होता. ही संस्था बाजारवाल्यांची बाजू घेणारी आहे, तिची पाहणी उत्तर पाठवणाऱ्या डॉक्टरांपुरती असते, तेव्हा तिचे आकडे पारखूनच घ्यावेत. पण सार्वजनिक आरोग्यसेवेच्या बाजूने उभ्या असलेल्या संशोधकांनी केलेल्या 'अवरकेअर' पाहणीतही २०२२ च्या सुमारास दर पाच प्रौढांमागे एकापेक्षा अधिक, म्हणजे सुमारे ६५ लाख लोकांना नेहमीचा डॉक्टर नाही असे आढळले. आणि हा काही पैसे न खर्चणारा देश नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाचे १२ टक्के तो आरोग्यावर खर्च करतो. २०२१ साली कॉमनवेल्थ फंडाने अकरा श्रीमंत देशांच्या आरोग्यव्यवस्थांची तुलना केली, तिच्यात कॅनडा दहावा आला.

अकरावा कोण आला, हे मात्र आमच्याकडचे खासगीकरणवाले सांगत नाहीत. अकरावी आली ती अमेरिका. बाजारावर सोपवून मोकळी झालेली अमेरिका!

तेव्हा प्रश्न असा आहे की कॅनडाचे नेमके काय बिघडले? सरकारने जे हाती घेतले ते बिघडले, की सरकारने जे बाजाराला सोडून दिले त्याने हाती घेतलेलेही बिघडवले? आमचे मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टॉमी डग्लस नावाचा एक मुलगा स्कॉटलंडहून आईबापांबरोबर कॅनडातील विनिपेगला आला. पायाच्या हाडात जंतुसंसर्ग झाला. घरी पैसा नाही, धर्मादाय वॉर्डात पडला, पाय कापायची वेळ आली. एका मोठ्या शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून ही केस फुकट घेतली आणि पाय वाचला. पुढे हा मुलगा सस्कॅचवान या शेतकऱ्यांच्या प्रांताचा प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री झाला. आपला पाय कुणाच्या तरी मर्जीने वाचला, हक्काने नव्हे, ही गोष्ट तो विसरला नाही. १९४७ च्या पहिल्याच दिवशी त्याच्या सरकारने रुग्णालयाच्या खर्चाचा सार्वजनिक विमा लागू केला. डॉक्टरांच्या फीसाठीचा विमा १ जुलै १९६२ ला लागू झाला, तेव्हा डग्लस देशाच्या राजकारणात गेले होते आणि प्रांताची धुरा वुड्रो लॉइड यांच्याकडे होती.

त्या दिवशी काय झाले? डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस! वर्तमानपत्रे, व्यापारी, प्रतिष्ठित मंडळी सगळी डॉक्टरांच्या बाजूला. सरकारने इंग्लंडहून डॉक्टर आणले, पण योजना मागे घेतली नाही. २००६ साली ओबीसींच्या २७ टक्के आरक्षणाविरुद्ध दिल्लीत पांढरे कोट घालून रस्त्यावर बसलेले डॉक्टर ज्यांनी पाहिले, त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्ञानाची मक्तेदारी हातातून निसटायला लागली की 'गुणवत्ता' आणि 'स्वातंत्र्य' धोक्यात येते, ते सगळीकडेच.

लॉइड सरकार टिकले नाही, विमा टिकला. १९६६ साली केंद्राचा कायदा झाला, १९७२ पर्यंत सर्व प्रांत त्यात आले आणि १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टने डॉक्टरने वरचे पैसे मागण्याला चाप लावला. श्रीमंताचे आणि गरिबाचे कार्ड एकच. हे मोठे काम आहे. यात कुणी खोट काढू नये.

आता याच १९४७ सालात इकडे काय चालले होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीपुढे ठेवण्यासाठी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात दोन मागण्या शेजारी शेजारी आहेत. विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला सक्तीने विम्याचे छत्र मिळावे, ही एक. शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी, ही दुसरी. बाबासाहेब तिथे आयुर्विम्याबद्दल बोलत होते, आजारपणाच्या नव्हे; शेतजमिनीबद्दल बोलत होते, शहरातल्या भूखंडाबद्दल नव्हे. हे आम्हाला ठाऊक आहे. (आजारपणाच्या विम्याचे काम त्यांच्या मजूर खात्याने आधीच बी. पी. अडारकर यांच्याकडे दिले होते. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा त्यातूनच पुढे आला.) पण दोन्ही मागण्या एका कागदावर का आहेत, याचा विचार अभ्यासकांनी करावा. विमा हाताला धरून वर काढतो. जमीन पायाखालची आहे. पायाखालची दुसऱ्याच्या मालकीची असली की हात धरून फारसा उपयोग होत नाही.

कॅनडाने पहिली मागणी जवळपास मान्य केली म्हणा. दुसरीकडे पाठ फिरवली.

तशी सुरुवातीला पाठ फिरवली नव्हती. महायुद्धाच्या काळात तिथल्या केंद्र सरकारने कामगारांसाठी आणि परतलेल्या सैनिकांसाठी हजारो भाड्याची घरे बांधली. साठ ते ऐंशीच्या दशकांत सरकारी आणि सहकारी घरबांधणी जोमात होती. मग आपल्याकडे ज्याला आपण खाउजा म्हणतो, त्या खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरणाचे वारे तिकडेही सुटले. १९९३ साली केंद्र सरकारने नव्या सामाजिक घरांसाठी पैसा देणेच बंद केले आणि पुढे ते लोढणे प्रांतांच्या गळ्यात बांधले. आज तिथल्या एकूण घरांत अशी सामाजिक घरे शंभरात जेमतेम चार. बाकी सगळा बाजार. व्हँकुव्हरमध्ये २०२३ साली साधारण घराची किंमत साधारण कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या बारा पटींवर होती; तीन पट असेल तर परवडते, असा त्या पाहणीचाच हिशेब आहे.

१९९३! वर दिलेला ९.३ आठवड्यांचा आकडा याच सालचा. घरे बांधणे थांबले म्हणूनच रांग वाढली, असा बाळबोध निष्कर्ष आम्ही काढत नाही. १९९५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने प्रांतांचे आरोग्यासाठीचे पैसेही कापले, रुग्णालयातील खाटा कमी झाल्या, आज हजार माणसांमागे अडीचच्या आसपास खाटा आहेत. हीही कारणे आहेत. पण खाटा नाहीत हे सगळे सांगतात. घर नाही म्हणून काय होते, ते कमी सांगतात.

ते कसे होते बघा. कॅनडातला फॅमिली डॉक्टर हा सरकारी नोकर नाही. तो आपला स्वतःचा दवाखाना चालवतो आणि प्रत्येक रुग्णामागे सरकारकडे बिल पाठवतो. म्हणजे त्याची फी सरकार ठरवते. पण त्याच्या गाळ्याचे भाडे घरमालक ठरवतो! फी वर्षानुवर्षे तिथेच आणि व्हँकुव्हर, व्हिक्टोरियासारख्या शहरात भाडे मात्र आभाळाला. भाडे, कारकून, वीज, संगणक या सगळ्यासाठी मिळकतीचा तिसरा हिस्सा काढून ठेवायचा. मग डॉक्टर काय करतो? पाच मिनिटांत रुग्ण उरकतो, किंवा दवाखान्याला कुलूप लावून रुग्णालयात पगारावर जातो. नवा डॉक्टर शिकून बाहेर पडतो तो डोक्यावर कर्ज घेऊन. तो या फंदातच पडत नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दहा लाखांच्या घरात लोक डॉक्टरविना राहिले, तेव्हा कुठे २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने डॉक्टरांना पैसे देण्याची नवी पद्धत आणली आणि त्यात दवाखान्याच्या खर्चाचा विचार केला. त्यानंतर बरेच डॉक्टर परतले. म्हणजे दुखणे कुठे होते ते कळले. पण ते पैसे शेवटी गेले कुठे? त्यातला काही वाटा गाळेमालकाकडे. सार्वजनिक आरोग्याचा पैसा जमिनीच्या मालकाला!

आता नर्स. ओंटॅरिओ प्रांताने २०१९ साली एक कायदा केला, बिल १२४ या नावाने तो ओळखला जातो. नर्ससह सरकारी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची पगारवाढ तीन वर्षे वर्षाला १ टक्क्यावर बांधून टाकली. टोरांटो परिसरात त्या वर्षी घराची सरासरी किंमत ८ लाख २० हजार डॉलरच्या आसपास होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती १३ लाख ३४ हजारांवर गेली. पगार १ टक्का, घर साठ टक्क्यांहून अधिक! मधल्या काळात महामारी येऊन गेली. याच नर्सबाईंसाठी लोक गॅलरीत उभे राहून थाळ्या वाजवत होते, तिकडेही आणि इकडेही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, २०२४ मध्ये वरच्या न्यायालयानेही तेच सांगितले. तोवर अनेक जणी नोकऱ्या सोडून गेल्या होत्या. १ जून २०२३ रोजी मिंडेन या गावातला तातडीच्या उपचारांचा विभाग कायमचा बंद झाला. इमारत होती, यंत्रे होती, गावकऱ्यांनी मोर्चे काढले. कर्मचारी पुरत नाहीत, एवढेच उत्तर मिळाले.

नोकरी आहे, पगार आहे, पण त्या शहरात राहायला जागा नाही, म्हणून नोकरी सोडून जायचे. आमच्या वाचकांना हे वाक्य वाचताना १९१७ चे बडोदे आठवल्याशिवाय राहणार नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला तरुण भीमराव, संस्थानची मोठी नोकरी, आणि अख्ख्या शहरात पाठ टेकायला खोली नाही. पारशी सराईतून अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढले. बडोद्याचे नुकसान काय झाले, याचा हिशेब बडोद्याने कधी मांडला नाही. तिथे जातीने दार लावले, टोरांटोत पैशाने. दोन्ही एकच, असे आम्ही म्हणत नाही. जातीचे दार पैशानेही उघडत नाही. पण ज्याने एकदा दाराबाहेर रात्र काढली, त्याला दुसऱ्या दाराचा आवाजही ओळखीचा वाटतो.

आणि म्हातारी माणसे? ज्यांना घरी एकटे राहता येत नाही अशांसाठी तिकडे दीर्घकालीन निवासगृहे असतात. ती घर की दवाखाना? हा प्रश्न अवघड नाही, दोन्ही. पण १९८४ च्या कायद्याने ती आत घेतली नाहीत. जे कायद्याच्या बाहेर राहिले ते बाजाराच्या तोंडी गेले. ओंटॅरिओत अशी कित्येक गृहे नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांची. जुन्या बांधणीच्या गृहांत एका खोलीत चार चार खाटा. २०२० मध्ये कोविड आला आणि पहिल्या लाटेत त्या देशात जे मरण पावले त्यांतील शंभरात ऐंशी अशा गृहांतले होते. शेवटी लष्कर बोलवावे लागले, आणि लष्कराच्या जवानांनी जे पाहिले त्याचा अहवाल वाचून देश हादरला. एका खोलीत चार खाटा म्हणजे काय, हे वरळीच्या आणि नायगावच्या बीडीडी चाळीत एकेका लहान खोलीत आठ आठ माणसांनी संसार केलेल्या आमच्या लोकांना समजावून सांगायला नको. रोग तिथे औषधाच्या अभावाने पसरत नाही. भिंतीच्या अभावाने पसरतो.

इथवर आम्ही मध्यमवर्गाच्या कॅनडाबद्दल बोललो. पण त्या देशालाही गावकूस आहे आणि गावकुसाबाहेरची माणसे आहेत.

हॅलिफॅक्स शहराच्या कडेला, खाडीकाठी आफ्रिकव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. शंभराहून अधिक वर्षांची. लोक नगरपालिकेचा कर भरत. नगरपालिकेने त्यांना नळाचे पाणी दिले नाही, गटार दिले नाही. दिले काय? संसर्गजन्य रोग्यांचे रुग्णालय त्यांच्या शेजारी आणून बसवले, आणि १९५० च्या दशकात शहराचा उकिरडा. मग १९६० च्या दशकात त्याच नगरपालिकेने जाहीर केले की वस्ती गलिच्छ आहे, आरोग्याला घातक आहे, पाडली पाहिजे. काही कुटुंबांचे सामान शहराच्या कचरागाड्यांतून हलवले. १९६७ च्या एका नोव्हेंबरच्या रात्री त्यांचे चर्च जमीनदोस्त केले. १९७० मध्ये शेवटचे घर पडले. माफी मागितली २०१० साली. वाचकहो, आधी पाणी तोडायचे, मग घाण म्हणायचे, मग घाण आहे म्हणून हाकलायचे, ही रीत महाडच्या तळ्याकाठी आलेल्या माणसांच्या नातवंडांना कुणी शिकवायला हवी काय?

पश्चिमेला व्हँकुव्हरजवळच्या 'ब्रिटिश प्रॉपर्टीज' या श्रीमंत वसाहतीत १९३० च्या दशकातल्या खरेदीखतांत अटच होती की आफ्रिकी किंवा आशियाई वंशाच्या माणसाने इथे राहायचे नाही. अपवाद एकच, मालकाच्या घरी नोकर असेल तर! आपल्याकडे वाड्यात मागच्या दाराने येणे-जाणे चाले, तशातलाच हा अपवाद.

आदिवासींची, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांची कहाणी याहून जिवावरची आहे. उत्तरेकडच्या बर्फाळ भागात राहणाऱ्या इनुइट लोकांत क्षयरोगाचे प्रमाण कॅनडात जन्मलेल्या बिगर-आदिवासी लोकांच्या तुलनेत तीनशे पटींच्या घरात आढळले आहे. तीनशे पट! कार्ड सगळ्यांचे एकच ना? मग हे कसे? कारण त्यांच्या मूळ प्रदेशात राहणाऱ्या इनुइटांपैकी निम्म्याहून अधिक लोक दाटीवाटीच्या घरात राहतात. २०१६ आणि २०२१ या दोन्ही जनगणनांत हेच दिसले. २०१८ साली सरकारने शब्द दिला की २०३० पर्यंत क्षय हटवू. क्षयाच्या गोळ्या कॅनडाला परवडत नाहीत असे नाही. तिथे बाहेर उणे तीस तापमान आहे, आत एका खोलीत तीन पिढ्या आहेत आणि खिडकी उघडता येत नाही.

जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबातील क्री आदिवासींचा मुलगा. जन्मापासून दुर्धर आजार, जन्मापासून रुग्णालयात. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी राहू शकेल. पण घरच्या देखभालीचा खर्च कुणी द्यायचा? आदिवासी म्हणून केंद्राने, की रहिवासी म्हणून प्रांताने? दोन सरकारांचे भांडण दोन वर्षांहून अधिक काळ चालले. पोराने घराचे तोंड पाहिले नाही. २००५ मध्ये पाचव्या वर्षी रुग्णालयातच गेला. त्याच्या नावाचा नियम तिथल्या लोकसभेने २००७ साली मंजूर केला : आधी मुलाची सोय करा, बिलाचे नंतर भांडा. नियम चांगला आहे. त्यासाठी एक पोर जावे लागले.

आणि ब्रायन सिंक्लेअर. २००८ चा सप्टेंबर, विनिपेगचे मोठे रुग्णालय. दोन्ही पाय नसलेला, चाकाच्या खुर्चीतला हा आदिवासी माणूस मूत्राशयाच्या साध्या, बऱ्या होणाऱ्या संसर्गासाठी तातडीच्या विभागात आला आणि ३४ तास तिथेच बसून मेला. कुणी तपासले नाही. चौकशीत काय निघाले? पाहणाऱ्यांतल्या काहींना वाटले दारू पिऊन झोपला असेल. काहींना वाटले बेघर असेल, ऊब घ्यायला आला असेल. आमच्या मते या एका घटनेत सगळे आले. रुग्णालयात आदिवासी बसला आहे, तर तो आजारी असणारच नाही, बेघरच असणार! घर नसणे हीच ज्याची ओळख करून ठेवली, त्याचे दुखणे डॉक्टरच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

यात आपली मुलेही आहेत, हे सांगायचे राहून जाऊ नये. २०२३ च्या अखेरीस कॅनडात परदेशी विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांवर गेली होती, त्यांत पाचांतले दोन भारतीय. प्रांतांनी महाविद्यालयांचा पैसा आखडला, महाविद्यालयांनी तो परदेशी मुलांच्या भरमसाट फीमधून काढला, आणि राहण्याची सोय कुणीच केली नाही. ब्रॅम्प्टनच्या तळघरांत एका खोलीत पाच पाच गाद्या टाकून मुले राहिली. मग भाडी वाढली तेव्हा दोष कुणाचा? या मुलांचा! दवाखान्यात गर्दी झाली, दोष यांचा! ओंटॅरिओत तर परदेशी विद्यार्थ्यांना प्रांताचा सरकारी आरोग्यविमा लागूच नाही, ती मुले वेगळा विमा विकत घेतात. तरी रांगेचे खापर त्यांच्याच डोक्यावर. जानेवारी २०२४ मध्ये सरकारने परवान्यांवर मर्यादा घातली. तीस वर्षे घरे न बांधल्याचे पाप तीन वर्षांपूर्वी आलेल्या पोराच्या माथी मारणे सोपे असते. मुंबईत झोपडपट्टीवाल्यांविषयी हीच भाषा आपण ऐकत आलो आहोत.

त्याच जानेवारीपासून कॅनडाने विद्यार्थ्याला राहण्या-खाण्यासाठी दाखवावी लागणारी रक्कम १० हजार कॅनेडियन डॉलरवरून २०,६३५ केली. जुनी रक्कम शतकाच्या सुरुवातीपासून तीच होती. आमच्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी असलेल्या केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत राहण्याचा भत्ता कित्येक वर्षे १५,४०० अमेरिकन डॉलर इतकाच राहिला. म्हणजे कॅनडाचे सरकार २०२४ मध्ये ज्याला किमान म्हणत होते, त्याच्या काठावर. २०२३ मध्ये टोरांटोत एका खोलीच्या फ्लॅटचे भाडे महिन्याला अडीच हजार कॅनेडियन डॉलरच्या आसपास होते. वर्षाचे तीस हजार. भत्ता संपूर्ण भाड्यात घातला तरी पुरत नाही. सवर्ण श्रीमंताचा मुलगा बापाला फोन करतो. आमचा मुलगा कुणाला फोन करील? सामाजिक न्याय खात्याने भत्ता शहराच्या भाड्याशी जोडावा, ही मागणी समाजकल्याणाच्या दारात बसणाऱ्या आमच्या संघटनांनी उचलून धरली पाहिजे. प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती मिळाली, आणि खोलीच्या भाड्यासाठी रात्री गोदामात काम करून दिवसा वर्गात झोपला, तर ते शिक्षण कसले?

त्यात जात आहेच. ज्या सामायिक घरांत ही मुले राहतात तिथे आडनाव विचारणारे आपलेच देशबांधव असतात. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ओंटॅरिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीभेद हा तिथल्या मानवी हक्क संहितेत बसणारा भेदभाव आहे असे स्पष्ट केले, हे महत्त्वाचे. ती संहिता नोकरीला लागू आहे, सेवांना आहे आणि घरालाही आहे. त्याआधी मार्चमध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाने जातीचा प्रश्न मान्य केला होता. तिकडच्या आंबेडकरी आणि रविदासिया बांधवांची ही कमाई आहे. भाड्याने खोली मागताना जात विचारली तर आता तक्रार करता येते. आमच्या मुलांनी हे माहीत करून घेऊनच विमानात बसावे.

कॅनडात शहाणी माणसे नाहीत असे नाही. २००९ ते २०१३ या काळात व्हँकुव्हर, विनिपेग, टोरांटो, मॉन्ट्रियल आणि माँक्टन या पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला. मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघर माणसांतील काहींना आधी घर दिले. दारू सोडा, औषध घ्या, मग घर, अशी अट घातली नाही. आधी घर, मग बाकीचे. ज्यांच्यावर दवाखाने, पोलीस, तुरुंग यांचा सर्वाधिक खर्च होत होता त्या गटात घरावरच्या दर १० डॉलर खर्चामागे सरासरी २१.७२ डॉलर वाचले. दयामाया बाजूला ठेवा, निव्वळ वाण्याचा हिशेब केला तरी घर स्वस्त पडते. २०१९ साली तिथल्या संसदेने पुरेसे घर हा माणसाचा हक्क आहे असा कायदाही केला. पण हक्क कागदावर आला तेव्हा घर जमिनीवर नव्हते. २०२२ मध्ये सरकारच्याच गृहनिर्माण महामंडळाने सांगितले की किमती आवाक्यात यायच्या तर २०३० पर्यंत नेहमीच्या वेगाखेरीज आणखी ३५ लाख घरे लागतील.

टोरांटोतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालय समूहाने मात्र वाट पाहिली नाही. तातडीच्या विभागात तीच तीच बेघर माणसे परत परत येतात, मलमपट्टी करून पुन्हा थंडीत पाठवावी लागतात, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. रुग्णालयाने स्वतःच्या मालकीची जागा पुढे केली, नगरपालिका आणि सेवाभावी संस्था बरोबर आल्या आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे 'डन हाउस' नावाची चार मजली इमारत उभी राहिली. डॉक्टर औषधाची चिठ्ठी लिहितात तशी इथे घराची लिहिली जाते. जागा रुग्णालयाची होती, तिला बाजारभाव लावला नाही, म्हणून हे जमले. इमारतीत ५१ घरे आहेत. टोरांटोत अनुदानित घरासाठी नाव नोंदवून बसलेली कुटुंबे ऐंशी हजारांहून अधिक.